भिंतीपेक्षा मऊ

मिस्त्रींनी भिंतीच्या गिलाव्यातला तडा पाहिला आणि त्याला हातही न लावता बाजूला सरकले. मला वाटलं होतं, ते त्याची रुंदी बघतील, आत खिळा घालून खोली तपासतील, निदान त्यावरून बोट तरी फिरवतील. त्याऐवजी त्यांनी हातोडी उलटी धरली आणि तड्यापासून चांगलं हातभर लांब, जिथे मला काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, तिथे लाकडी दांड्याने हलकेच ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. भरीव, बसका आवाज. वीतभर सरकून पुन्हा ठोकलं. एके ठिकाणी आवाज बदलला, मोकळा झाला, भिंतीच्या आत जणू कुणीतरी जागा करून ठेवली होती. त्यांनी खिशातला खडू काढून तिथे टिंब दिलं. असं करत करत वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरले आणि शेवटी सगळी टिंबं जोडून एक वेडीवाकडी रेघ ओढली. तडा जेमतेम नखाच्या जाडीचा होता. रेघेच्या आतला तुकडा दारापेक्षा मोठा निघाला. "एवढं सगळं काढायचं," ते म्हणाले आणि खडू परत खिशात टाकला.

त्या रेघेने माझी झोप उडवली असं नाही, पण ती मनातून जाईना. रोज येता-जाता मी तिच्यापाशी थांबायचे. रेघेच्या आतला आणि बाहेरचा गिलावा दिसायला अगदी सारखा. तोच रंग, तोच रवाळपणा, उन्हात तीच ऊब. तळहात टेकवला तर काही फरक कळत नव्हता. ठोकलं की मात्र कळत होता. जो भाग मी इतकी वर्षं धड समजत होते तो भिंतीला धरूनच नव्हता. आजूबाजूच्या गिलाव्याच्या आधाराने नुसता उभा होता. तडा त्यातला तेवढाच भाग होता जो डोळ्यांना दिसत होता.

गिलावा भिंतीला कशाने धरून राहतो याचा आपण कधी विचार करत नाही. विटांच्या मधल्या सांध्यांत तो शिरतो, विटेच्या खरबरीत अंगात, बारीक छिद्रांत त्याचं ओलं सिमेंट किंवा चुना शोषला जातो आणि तिथेच घट्ट होतो. म्हणजे खरी पकड पाठीमागे असते, कायम नजरेआड. ती सुटते तेव्हाही पाठीमागेच सुटते. गुळगुळीत काँक्रीटवर टाचे, म्हणजे छिन्नीच्या खाचा, न मारता गिलावा केला, भिंतीवरची धूळ न धुता थापला, कोरड्या तापलेल्या विटेने मालातलं, म्हणजे कालवलेल्या मिश्रणातलं, पाणी क्षणात पिऊन टाकलं, तर पकड पहिल्या दिवसापासूनच कच्ची असते. पुढे ऊन-पाऊस तिची परीक्षा घेत राहतात आणि एक दिवस मधे पातळ पोकळी तयार होते. हातोडीच्या दांड्याला ऐकू येते ती हीच.

लहानपणी मला ओल्या भिंतीचे पोपडे काढायचं वेड होतं. नखाने एक कडा उचलली की रंगाची पापडी सुटून यायची, तिच्यामागून थोडी पांढरी भुकटी आणि मग वाळू, जी झरायला लागली की थांबत नसे. त्या भुकटीला एकदा जीभ लावून पाहिली होती. खारट. मोठी माणसं "लोणा लागलाय" म्हणायची आणि मला ते भिंतीला झालेलं दुखणं वाटायचं. आता कळतं की ती चव खरी होती. जमिनीतून किंवा विटांमधून पाणी क्षार विरघळवून घेऊन बाहेर येतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून स्फटिक होतात. रंगाच्या किंवा गिलाव्याच्या पाठीमागे त्यांना वाढायला जागा लागते. ती ते ढकलून करून घेतात. पोपडा मी काढत नव्हते, तो आधीच सुटलेला होता. त्या वासाची आठवण मात्र अजून तशीच आहे: ओली माती, जुना चुना आणि काहीतरी गार. पावसाळी संध्याकाळी एखाद्या भिंतीजवळून जाताना तो अचानक येतो आणि मी अजूनही थांबते.

रेघ पाहून पाहून मला तडे बघायची सवय लागली. आता कुठल्याही भिंतीकडे पाहिलं तरी आधी ती कुठे फाटली आहे तेच दिसतं. आणि तडे एकसारखे नसतात, हे त्या नादात लागलेलं खरं ज्ञान. सगळीकडे पसरलेलं बारीक जाळं, कुठेही सुरू होणारं आणि कुठेही संपणारं, हे बहुतेक वेळा पृष्ठभागापुरतं असतं. माल वाळताना आकसला, सिमेंट जास्त होतं, वाळूत मातीचा अंश होता, किंवा गिलावा घट्ट होत असताना वरून थापी घोटून घोटून सिमेंटची साय वर आणली, की हे जाळं येतं. दिसायला वाईट, पण भिंतीला त्याचा फारसा धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग वेगळी. भिंतीत भोक पाडलं की ताण त्या कोपऱ्यांत येऊन साठतो आणि भिंत थोडी जरी हलली तरी पहिली तिथेच उलते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी भेग पायाकडे बोट दाखवते. आणि एकदम सरळ, सळईच्या रेषेत जाणारी, कडेला तांबूस डाग असलेली भेग पाहिली की मला पोटात धस्स होतं, कारण आतलं लोखंड गंजत असतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाऊ शकतं. तिथे वरून कितीही चांगला गिलावा केला तरी तो पुन्हा फुटणारच. आधी सळई उघडी करून गंज काढावा लागतो.

तुळई आणि भिंत जिथे भेटतात तिथली आडवी भेग सर्वांत जास्त दिसते आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रार होते. तिच्यात खरं तर कुणाची लबाडी नसते. काँक्रीटची दहा मीटर लांब तुळई ३० अंश सेल्सियसने तापली तर साधारण ३ मिलिमीटर लांबते. विटांचं बांधकाम तेवढ्याच लांबीत जेमतेम त्याच्या निम्मं. दोघं रोज सकाळी एकमेकांपासून थोडे सरकतात, रात्री परत येतात, आणि त्यांच्या सांध्यावरून गिलावा मात्र एकसंध ओढलेला असतो. तो काय करणार? म्हणून तिथे आधी जाळी मारायची असते, सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान वीतभर जाईल अशी. किंवा सरळ तिथे एक खाच सोडून द्यायची, म्हणजे भेग पडायचीच तर सांगितलेल्या जागी पडेल. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. ती भिंतीचं हलणं मान्य करते.

मग एके दिवशी रेघेच्या आतला गिलावा उतरवला.

पहिला घाव बसला तेव्हा मला वाईट वाटलं. दिसायला चांगला असलेला गिलावा पाडताना बघणं सोपं नसतं. पण दुसऱ्याच घावाला मोठा तुकडा सरळ सुटून खाली आला आणि त्याची पाठ वर झाली. पाठीवर विटांचे ठसे अगदी स्वच्छ उमटलेले, त्यांवर एकही विटेचा कण चिकटलेला नव्हता. आणि त्या तुकड्यांच्या मधोमध राखाडी, काळपट, दगडासारखं कठीण काहीतरी निघालं. ते गिलाव्याचं नव्हतंच. कधीकाळी कुणीतरी केलेली आधीची दुरुस्ती होती. भिंत जुन्या चुन्याच्या मालात बांधलेली, बाकीचा गिलावा चुन्याचा, आणि मधे तो शुद्ध सिमेंटचा ठिगळ, इतका पक्का की छिन्नी त्यावरून सरकत होती. तो स्वतः कुठेही फुटला नव्हता. फुटला होता त्याच्या भोवतीचा सगळा चुना. त्याच्यामागच्या विटा ओल्याकच्च होत्या आणि एका विटेचा तोंडाकडचा थर बोटाने दाबला तर भुगा होत होता.

जुन्या विरलेल्या कापडाला नवं कडक कापड जोडावं आणि पहिल्याच ताणात शिवणीशेजारी जुनं कापड फाटावं, तसं झालं होतं.

मी तो ठिगळ हातात घेऊन बराच वेळ उभी होते. ज्याने तो लावला त्याचा मला राग आला नाही. त्याने उत्तम काम करायचं ठरवलं असणार. तडा पुन्हा पडू नये म्हणून हाती असलेला सर्वांत जोरकस माल वापरला. एखादी गोष्ट मोडली की जोडताना ती आधीपेक्षा मजबूत करावी, ही आपली सहज ओढ असते, आणि बहुतेक ठिकाणी ती बरोबरही असते. भिंतीच्या गिलाव्याला ती लागू पडत नाही. गिलाव्याचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा कमजोर हवा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. वरचा थर कडक असला तर तो आकसताना खालच्याला ओढून काढतो. शिवाय घट्ट सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही. भेगेतून आत शिरलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. सिमेंटच्या मागे ते अडकतं, मऊ विटेत मुरतं, थंडी कडक असेल तर तिथेच गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. मग वीट आपलं तोंड सोडते आणि तिच्याबरोबर गिलावाही.

गिलावा झिजण्यासाठी असतो. हे समजायला मला एवढी मोठी खडूची रेघ लागली. पाऊस, ऊन, क्षार, धूळ हे सगळं भिंतीऐवजी त्याने सोसायचं आणि काही वर्षांनी बदलून घ्यायचं, अशी त्याची नेमणूक आहे. जो गिलावा स्वतः टिकून भिंतीला झिजवतो, तो कितीही टणक असो, कामात नापास.

आणि तरीही सिमेंटचा मोह का पडला असेल हे कळण्यासारखं आहे. चुन्याचं काम पेशन्सचं. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजायची, मग ती पाण्यात विझवायची, मुरवायची. भिंतीवर चढल्यावर तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा चुनखडीच होतो, महिने लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुकार विट्रुव्हियस लिहून गेला की नीट न विझलेले खडे गिलाव्यात राहिले तर ते नंतर फुगतात आणि तो फोडतात. त्याने वाळूच्या मालाचे तीन हात, म्हणजे थर, आणि त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन हात सांगितले आहेत, आणि एकेक हात देऊन भागवलं तर तो पातळ थर सहज तडकतो हेही. एवढी सवड कुणाला असते? १७५६ साली इंग्लंडजवळच्या समुद्रातल्या एडिस्टोनच्या खडकावरच्या दीपगृहाचं काम हाती घेताना इंग्रज अभियंता जॉन स्मीटनने निरनिराळे चुने तपासले आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो हे दाखवलं. मग १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्याचं सिमेंट आजच्याइतकं जोरकस नव्हतं, पण त्या पेटंटात उपयोग सांगताना त्याने सर्वांत आधी इमारतींच्या गिलाव्याचं नाव घेतलं आहे, हे वाचून मी चमकले. पूल, धरणं, उंच इमारती सगळं नंतर. आधी भिंतीचं अंग.

नव्या काँक्रीटच्या किंवा पक्क्या विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा योग्यच आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. तिथेही एक भाग सिमेंटला तीन भाग वाळूचा जोरकस माल बाहेरून थापायची गरज नसते. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे मिश्रण बाहेरच्या भिंतीला पुरेसं बळ देतं आणि थोडं लवचिकही राहतं. चुना घातलेला माल थापीखाली कसा वागतो हे एकदा बघावं. निव्वळ सिमेंटचा माल खरखरतो, पाणी सोडतो. चुन्याचा माल लोण्यागत पसरतो, असं गवंडी सांगतात, आणि त्यांचे चेहरे पाहिले की ते खरं आहे हे कळतं. चुन्याला आणखी एक देणगी आहे. बारीक चीर पडली आणि तीत पावसाचं पाणी गेलं की पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि चिरेच्या तोंडाशी पुन्हा जमून बसतो. केसाएवढ्या चिरा अशा आपोआप बुजतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा किती आनंद झाला!

आमच्या भिंतीचं काम सावकाश झालं. सुटलेला गिलावा भक्कम कडेपर्यंत काढला. कडा तिरप्या न ठेवता सरळ कापल्या, उलट आतल्या बाजूने किंचित खोल घेतल्या, म्हणजे नवा माल त्यांच्याखाली अडकेल. पिसासारखी पातळ होत जाणारी कड कधीच टिकत नाही. ती पहिल्या उन्हात वर वळते. भुगा झालेली वीट बदलली. सांधे खरवडून मोकळे केले, सगळं ब्रशने झाडलं, मग पाणी मारलं आणि वाट पाहिली. हे वाट पाहणं मला फार मोलाचं वाटलं. भिंत ओली हवी पण तिच्यावर पाणी चकाकता कामा नये. कोरडी असेल तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते, चिंब असेल तर माल घसरतो. मिस्त्री हाताची पाठ लावून बघत होते. पहिला हात बोटभरापेक्षा जास्त नाही, त्यावर ओला असतानाच आडव्या-तिरक्या खरवडीच्या रेषा, म्हणजे दुसऱ्याला धरायला जागा. दुसरा हात त्याहून पातळ. कडक होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा चालता करायचा नाही. राहिला तर फेकायचा. आणि वरून कमीत कमी घोटायचं, लाकडी रंध्याने, लोखंडी थापीने नाही.

मग ओलं पोतं. सिमेंट असेल तर निदान आठवडाभर ते ओलं ठेवावं लागतं, चुना असेल तर उन्हापासून आडोसा देऊन त्याहून जास्त दिवस हळूहळू वाळू द्यावं लागतं. या दिवसांत भिंतीवर काहीही घडताना दिसत नाही. खरं काम मात्र त्याच दिवसांत होत असतं, आणि घाईत सगळ्यात आधी कापले जातात ते हेच दिवस. मोठमोठी कामं पाहिली आहेत जिथे उंच परांची बांधली, महागडा माल आणला, आणि पाणी मारायला माणूस ठेवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात भिंतभर जाळं.

आता तिथे वेगळ्या रंगाचा एक मोठा चौकोन आहे. जुना गिलावा पिवळसर, नवा उजळ. येणारे सगळे विचारतात की रंग कधी देणार. देईन, पण चुन्याचाच, ज्यातून ओल बाहेर पडू शकेल असा. रबरासारखा पातळ पापुद्रा चढवणारे रंग चिरा झाकतात आणि पाणी आत कोंडून ठेवतात. तोवर तो चौकोन मला डोळ्यांत खुपत नाही. दुरुस्ती दिसू नये म्हणून केलेल्या खटपटींनीच अनेक भिंती बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. उरलेल्या जुन्या गिलाव्यावर कुणा अनोळखी हाताची थापी फिरल्याचे अर्धवर्तुळाकार वळ अजून तिरप्या उन्हात दिसतात. नव्यावर दुसऱ्या हाताचे आहेत. दोन्ही राहू देत.

एक चीर मात्र आम्ही भरलेली नाही. ती खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, एका टोकाला केसाएवढी, दुसऱ्या टोकाला दोनेक मिलिमीटर. तिथला आवाज भरीव आहे, गिलावा सुटलेला नाही, म्हणजे जे हलतंय ते मागची भिंतच. इंग्लंडच्या बांधकाम संशोधन संस्थेच्या प्रसिद्ध वर्गवारीत एक मिलिमीटरपर्यंतची भेग अगदी किरकोळ आणि पाचपर्यंतची किरकोळ धरली आहे, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण ती वाढते आहे की थांबली आहे हे कळल्याशिवाय ती भरण्यात अर्थ नाही. हलती भेग कडक मालाने भरली तर शेजारी दुसरी पडते. तिला ताणता येणारं भरण लागतं. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवत, भिंत हलली की काच तडकायची. मी दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक फुल्या केल्या आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर तारीख घालून वहीत लिहिते. चिकणमातीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून सगळे ऋतू होऊन जायला हवेत. आतापर्यंतच्या आकड्यांवरून वाटतं आहे की ती उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते. तसं असेल तर काम भिंतीचं नाही, त्या कोपऱ्यावरच्या पन्हळीचं आणि पायाशी साचणाऱ्या पाण्याचं आहे, आणि तिथूनच सुरुवात करायची आहे.